जखम भरते कधी?
‘टेन्शनने माणूस आजारी पडतो’ हे आपण सहज बोलून जातो. ओहायोतल्या संशोधकांनी ते मोजून दाखवलं. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या चमूने १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. ही जबाबदारी नसलेल्या तेवढ्याच स्त्रियांपेक्षा ती भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला जखमा केल्या, एक सुट्टीत, दुसरी परीक्षेच्या तोंडावर. (पोरं तयार झाली हेच नवल!) दुसरीला ४० टक्के जास्त वेळ लागला. नमुने लहान, पण दोन्हीकडे जखम भरायला मदत करणारं इंटरल्युकिन-१ बीटा ताणाखाली कमी बनत होतं.