आलेखामागच्या ओळी

पूर्वी वाटाघाटीला बसलो की मालकाच्या बाजूने पगाराची वही पुढे येई. आता भिंतीवरचा पडदा उजळतो आणि रंगीत आलेख सांगतो, ‘सरासरी पगार २५,०००’. यालाच डॅशबोर्ड म्हणतात. आकडा खोटा नसतो. परंतु नऊ कामगारांना १५,००० आणि एका व्यवस्थापकाला १,१५,००० मिळाले, तरी सरासरी २५,०००च येते!

म्हणून आम्ही आलेखाशी भांडत नाही. त्यामागच्या ओळी मागतो. पॉवर बीआय या प्रणालीत आलेखाच्या कोपऱ्यातील तीन टिंबे दाबली की ‘एक्सपोर्ट डेटा’ हा पर्याय दिसतो. तेथे दोन वाटा फुटतात. ‘समराइज्ड’ घेतले तर आलेखातलीच सरासरी पुन्हा हाती येते. ‘अंडरलाइंग’ घेतले तर तिच्यामागील नोंदी ओळीओळीने मिळतात. आपल्याला हवी ती ही दुसरी वाट.

मात्र एक्सेलमध्ये १,५०,००० आणि सीएसव्हीमध्ये ३०,०००च ओळी उतरतात. यादी मोठी असेल तर खातेवार तुकडे करावेत. पडद्यावर एकच खाते निवडलेले असेल तर तेवढेच उतरते, हेही आधी पाहावे.

दुसरी वाट बंद दिसली तर यंत्राला बोल लावू नये. अहवाल तयार करणारा माणूस ती बंद ठेवू शकतो. ती का बंद ठेवली, हे बैठकीत विचारावे. कामगारांची नावे झाकली तरी चालेल. हुद्दा आणि पगार तेवढा द्या. सरासरी आम्ही काढू.