डोळे चांगले, तरी दिसत नाही

मूत्रपिंड किंवा यकृताचं प्रत्यारोपण झालेल्या एखाद्या रुग्णाला अचानक दिसेनासं होतं. आपण त्याच्या डोळ्यावर बॅटरीचा झोत टाकला तर बाहुली नेहमीसारखी आकसते! मग बिघडलं कुठे?

बाहुलीची ही क्रिया मध्यमेंदूतून होते, डोक्याच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्रापर्यंत ती जातच नाही. बिघाड असतो तो या केंद्रात.

परका अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात. पहिलं नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालं, दुसरं १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूपासून. (आम्हा संशोधकांवर मातीचे उपकार फार.) दोन्ही औषधं पांढऱ्या पेशींमधल्या कॅल्सिन्यूरिन या विकराला अडवतात, त्यामुळे हल्ल्याचा हुकूम सुटत नाही. पण ती रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करतात, रक्तदाबही वाढवतात. मेंदूतल्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि सूज येते, बहुधा मागच्या भागात. डोकेदुखी, झटके आणि अंधत्व ही त्याची लक्षणं.

१९९६ साली हिंची व सहकाऱ्यांनी अशा १५ रुग्णांचं वर्णन केलं. त्यांतले ७ जण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होते.

हे क्वचितच घडतं. वेळीच ओळखून रक्तदाब उतरवला, औषध कमी केलं किंवा बदललं, तर दृष्टी बहुतेकदा काही दिवसांत वा आठवड्यांत परत येते; उशीर झाला तर इजा कायमची राहू शकते. रुग्णानं घाबरून आपणच गोळ्या बंद केल्या तर मात्र नवं मूत्रपिंडच जाण्याची भीती. म्हणून डॉक्टर रक्तातलं औषधाचं प्रमाण पुन्हा पुन्हा मोजत राहतात.