मागच्या सीटवरचं ऐकू यायला हवं

जालन्याहून अंबडकडे किंवा राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी नऊच्या सुमारास थोडा वेळ उभं राहिलं, की एक दृश्य हमखास दिसतं. गाडी साठच्या वेगात, डोक्यात हेल्मेट, आणि हेल्मेट व गालाच्या फटीत कोंबलेला मोबाइल. मान एका बाजूला कललेली, आवाज टिपेला. "हो साहेब, रस्त्यातच आहे, ऐकू येतंय ना?" साहेबांना बहुधा ऐकू येत नसतं, कारण हेच वाक्य पुन्हा दोनदा ओरडावं लागतं.

या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण जालना हे गाडीवर पोट असलेल्यांचं गाव आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे बियाणं कंपन्या या शहरात रुजत गेल्या. त्यांची फील्डवरची माणसं भोकरदन, जाफराबाद, घनसावंगी, मंठा अशी दिवसभर फिरत असतात. औषध कंपन्यांचे एमआर, कर्जाची वसुली करणारे, कुरिअरवाले यांचंही तेच. फोन उचलल्याशिवाय त्यांचं चालत नाही. निदान त्यांच्या साहेबांचं तरी चालत नाही.

हेल्मेटमध्ये फोन खुपसणं मात्र वाईटच. आतला थर्माकोल आणि गालाच्या गाद्या धक्का झेलायला असतात, आणि आपण नेमकी तिथेच काचेची टणक पाटी घालतो. पडल्यावर ती कुठे रुतेल ते सांगता येत नाही. शिवाय फोन मावावा म्हणून हेल्मेट एक माप मोठं घेतलं जातं किंवा हनुवटीचा पट्टा लोंबता ठेवला जातो.

हेल्मेटचा इंटरकॉम हा त्यावरचा सरळ उपाय. काडेपेटीहून थोडी मोठी डबी हेल्मेटच्या डाव्या अंगाला बसते. उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर असतो, म्हणून बटणं डाव्या हाताला. डबीतून निघालेल्या तारा अस्तराखालून जातात: दोन चपटे स्पीकर दोन्ही कानांशी आणि एक माइक ओठांशी. फोनशी ब्लूटूथने जोडली की कॉल येतो, मॅप वळण सांगतो, गाणी वाजतात. मात्र 'इंटरकॉम' हे नाव तिला मिळालं आहे ते दुसऱ्या कामामुळे. दुसऱ्या हेल्मेटमधल्या अशाच डबीशी ती फोनशिवाय, नेटवर्कशिवाय थेट बोलते.

गाडीवरचं बोलणं मुळात इतकं अवघड का? दोष इंजिनाला दिला जातो, पण वेग वाढला की खरा गोंगाट वाऱ्याचा असतो. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कानांसाठी ८५ डेसिबल ही आठ तासांची मर्यादा मानतात, आणि अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेच्या हिशोबाने पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९७ डेसिबलला फक्त अर्धा तास. त्यावर स्पीकर मोठा करून गाणी लावणारा कानांवर दुहेरी भार टाकत असतो. काच पूर्ण खाली, हेल्मेट मापाचं आणि वेग साठच्या आसपास एवढं जमलं, तर निम्म्या आवाजातही नीट ऐकू येतं.

ही अडचण वैमानिकांना शंभर वर्षांपूर्वी आली होती. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानात पुढे-मागे बसलेल्या शिक्षकाचं आणि शिकाऊ वैमानिकाचं एकमेकांना काही ऐकू जाईना. इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या शाळेत रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी १९१७ मध्ये त्यावर साधी नळी वापरली. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला कानटोपीतले कान. ना बॅटरी, ना चार्जिंग. मोटारसायकलसाठी ब्लूटूथचा हेडसेट आला तो २००४ च्या सुमारास, इस्राएलच्या कार्डो कंपनीचा. मग कोरियाची सेना ही कंपनी आली (इथल्या कुठल्याही सेनेशी तिचा संबंध नाही). आता बंगळूरूची ब्लूआर्मर इंटरकॉम बनवते, आणि स्कूटर बनवणाऱ्या एथरने २०२४ मध्ये स्पीकर आतच बसवलेलं 'हेलो' हेल्मेट आणलं. त्यात चालवणारा आणि मागे बसलेला एकमेकांशी बोलू शकतात. याच एथरने त्याच वर्षी आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरच्या ऑरिक वसाहतीत कारखाना काढण्याचं जाहीर केलं.

हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. आपल्याकडे तो परवानामुक्त आहे, त्यामुळे वॉकीटॉकीच्या परवान्याची भानगड इथे नाही. या लहरींना आडकाठी मात्र चालत नाही. खोक्यावर एक किलोमीटर लिहिलेलं असेल तर ते मोकळ्या माळावरचं, दोघं एकमेकांना दिसत असतानाचं अंतर समजा. मध्ये कापसाने भरलेला ट्रक आला किंवा रस्ता टेकाडामागे वळला, की आवाज तुटायला लागतो. निम्म्या अंतराचा भरवसा धरावा.

दोनच गाड्या असतील तर साधं ब्लूटूथ पुरतं. चार-पाच मित्र सिंदखेड राजाहून लोणारला निघाले, तर ब्लूटूथची साखळी होते: पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी. मधला पेट्रोल भरायला थांबला की साखळी तुटते. महागड्या संचांत 'मेश' असतं. त्यात प्रत्येक डबी आसपासच्या सगळ्यांशी बोलते आणि एक गळाला तरी बाकीचे जोडलेले राहतात. कार्डोने २०१५ मध्ये आणलेल्या पद्धतीत पंधरा जणांपर्यंत जमतं. दोन कंपन्यांच्या मेशची मात्र आपसात बोलणी होत नाहीत. तिथे साध्या ब्लूटूथवर यावं लागतं, एक डबी दुसरीला फोन असल्याचं भासवते आणि काम निभतं. जालन्यात पंधरा जणांचं मेश कोणाला लागतं, हा माझा प्रश्न. दुकानदाराने आग्रह केला तरी आधी आपल्याबरोबर किती गाड्या निघतात ते मोजावं.

आता बसवण्याकडे वळू, कारण या वस्तूच्या बहुतेक तक्रारी तिथे जन्मतात. तीन हजारांचा संच नीट बसवला तर तीस हजारांच्या वेड्यावाकड्या बसवलेल्या संचापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. सुरुवात गालाच्या गाद्या काढण्यापासून. बऱ्याच हेल्मेटमध्ये त्या बटणांनी अडकवलेल्या असतात, हळू ओढल्या की निघतात. मागे कानाच्या जागी गोल खळगा असेल तर नशीब. नसेल तर? तर हेल्मेट बदला किंवा पातळ स्पीकर शोधा, पण सुरीने थर्माकोल कोरू नका. काही दुकानांत हे हसत हसत करून देतात. डोकं आपटतं तेव्हा तो थर्माकोल चेपतो आणि धक्का गिळतो. कोरलेल्या जागी गिळायला काही उरत नाही.

स्पीकर कानाच्या भोकासमोरच हवा. बोटभर पुढे-मागे झाला, तरी आवाज निम्मा होतो आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. साधी युक्ती अशी: कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याला थोडा खडू लावा, हेल्मेट नेहमीसारखं घाला, काढा, आणि आत उमटलेल्या खुणेवर वेल्क्रो चिकटवा. स्पीकर कानाला टेकावा, दाबू नये. दाबत असेल तर अर्ध्या तासात कानाची पाळी ठणकते, आणि चष्मा असेल तर दांडी रुतते. कान आत असेल तर संचासोबत आलेल्या फोमच्या चकत्या स्पीकरमागे घालून तो पुढे आणा.

माइक दोन तऱ्हेचे. पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटला बटणाएवढा माइक हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. उघड्या किंवा उचलत्या जबड्याच्या हेल्मेटला दांडीचा माइक. दोन्हीवर बोलण्याची बाजू दाखवणारी खूण असते, ती ओठांकडे हवी. उलटा बसवला की तो वाराच ऐकवतो. माइकवरची स्पंजची टोपी हरवू देऊ नका, ती गेली की समोरच्याला फक्त घोंगावणं ऐकू येतं. उघड्या हेल्मेटवर सत्तरच्या पुढे चांगला माइकही हार मानतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

डबी अडकवायला क्लिप किंवा डबल टेप. टेप लावण्याआधी ती जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि चिकटवल्यावर रात्रभर तशीच ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. आरशाला लटकवलेलं हेल्मेट दुपारभर उन्हात राहिलं तर टेप सैल होते आणि लिथियमची बॅटरीही लवकर म्हातारी होते. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडं राहिलं की धूळ आपलं काम करते.

जोडणी घरी, खाटेवर बसून करावी. रस्त्याच्या कडेला उभं राहून नव्हे. बहुतेक संचांत मुख्य बटण काही सेकंद दाबून धरलं की लाल-निळा दिवा लुकलुकतो, मग फोनच्या ब्लूटूथ यादीत डबीचं नाव दिसतं. दोन डब्या एकमेकींशी जोडायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी, तेव्हा सोबतचा कागद फेकू नका. कॉल, इंटरकॉम आणि गाणी यांत आधी कोण, हेही पाहून ठेवा. बहुधा कॉल आला की इंटरकॉम मागे पडतो, आणि मागे बसलेली व्यक्ती एकटीच बोलत राहते.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक चालवण्यात घातला. फक्त रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित न होता फोन वापरण्याची मुभा ऑक्टोबर २०२० पासून नियमांत आहे. इंटरकॉम हातात धरायचा नसतो, म्हणून 'हातात धरण्या'च्या कलमात तो बसत नाही. पण चौकातल्या हवालदाराशी यावरून वाद घालू नये. थांबावं, काच वर करावी, डबी दाखवावी.

कायद्यात बसतं म्हणून ते सुरक्षित, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये दाखवलं, की हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकाचं लक्षही जवळपास तितकंच ढळतं, जितकं फोन हातात धरणाऱ्याचं. त्याच गटाचा २००८ चा अभ्यास मला आपल्यासाठी जास्त कामाचा वाटतो. गाडीत शेजारी बसलेल्याशी बोलणं फोनइतकं घातक ठरत नाही, कारण त्यालाही रस्ता दिसत असतो. समोर काही आलं की तो गप्प होतो किंवा सावध करतो. कार्यालयातल्या साहेबांना वडीगोद्रीचं वळण दिसत नाही. ते टार्गेट विचारतच राहतात.

म्हणून माझं मत असं, की हा इंटरकॉम साहेबांसाठी नाहीच. तो मागच्या सीटवरच्या माणसासाठी आहे, आणि मागच्या गाडीवरच्या मित्रासाठी. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो, पण दुचाकीला त्यावर बंदी आहे. आपल्या वाट्याला जुनेच रस्ते. हिवाळ्यात घनसावंगी-अंबडच्या बाजूला ऊस घेऊन निघालेल्या जोड-ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. अशा वेळी पुढच्याने "ट्रॉली उभी आहे, डावीकडून" एवढं म्हटलं तरी संच वसूल. आणि संकष्टीला राजूरला जाताना मागून "अहो, वळण मागेच राहिलं" हे वेळेवर ऐकू आलं तर फार लांबून उलटं फिरावं लागत नाही.

इथे खरी अडचण येते. मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्याही डोक्यात हेल्मेट हवं. आपल्या जिल्ह्यात डबलसीट जाताना दुसरं हेल्मेट किती जणांकडे दिसतं, ते कोणत्याही चौकात पाहून घ्या. कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, कलम १९४ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कडक कारवाईच्या सूचना दिल्या. तरीही "बाईसाहेबांना कशाला" हे उत्तर ठरलेलं.

किमतीचं म्हणाल तर साधे संच दोन-तीन हजारांपासून मिळतात, देशी चांगले साधारण दहा हजारांच्या आसपास, आणि परदेशी मेशवाले पंचवीस हजारांच्या पुढे. तुमच्याकडे सध्या तीनच हजार असतील, तर इंटरकॉमचा विचार पुढच्या सुगीवर टाका. आयएसआयचा शिक्का, म्हणजे आयएस ४१५१, असलेलं दुसरं हेल्मेट आधी आणा. १ जून २०२१ पासून शिक्क्याशिवायचं विकायलाच बंदी आहे. घेताना मागे बसणाऱ्या व्यक्तीला दुकानात सोबत न्या, माप तिच्याच डोक्याचं घ्या, आणि गालाच्या गाद्यांमागे स्पीकरचा खळगा आहे का ते तिथेच पाहून घ्या.