गर्भारपणातील रक्तक्षय आणि एकशे ऐंशी गोळ्या

सन २०१८ ते २०२० या कालावधीच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ मातांचा मृत्यू झाला, तर लगतच्या महाराष्ट्रात हाच आकडा ३३ होता. या तफावतीची कारणे एकाहून अधिक आहेत. रुग्णालयाचे अंतर, वाहनाची सोय, कमी वयातील व लागोपाठची बाळंतपणे या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु बाळंतपणाच्या वेळी होणारा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण असून, जिच्या अंगी मुळातच रक्त कमी आहे अशा स्त्रीला हा रक्तस्राव सोसत नाही. निरोगी स्त्री ज्यातून सावरते, त्याच प्रसंगी रक्तक्षय झालेली स्त्री दगावू शकते.

रक्तक्षयाच्या बाबतीत मात्र दोन्ही राज्यांमध्ये तितके अंतर नाही. सन २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील ५२.९ टक्के व महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवती स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बुऱ्हाणपूर या मराठी भाषकांच्या मुलखातील घरांना हा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच लागू आहे.

गर्भ राहिल्यानंतर स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे एकूण आकारमान वाढते. त्यातील द्रवभाग सुमारे निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे रक्त काहीसे पातळ होणे स्वाभाविक आहे. खरी अडचण लोहाची असते. वाढणारे बाळ व वार यांना सुमारे ३०० मिलिग्रॅम, मातेच्या वाढीव तांबड्या पेशींना सुमारे ५०० मिलिग्रॅम आणि नित्याची झीज भरून काढण्यास सुमारे २०० मिलिग्रॅम, असे एका गर्भारपणात एकंदर हजार मिलिग्रॅम लोह लागते. ज्वारी, गहू, डाळी व पालेभाज्या यांत लोह असते. तथापि त्यातील थोडाच अंश आतड्यातून रक्तात उतरतो. जी मुलगी लग्नापूर्वीच फिकट आहे, तिच्या शरीरात साठाही नसतो. म्हणूनच शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही शिक्षकांनी केवळ हजेरीपटाजवळची नोंद समजू नये. तिचा उपयोग पुढे चार-सहा वर्षांनी दिसतो.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. यांपैकी दुसऱ्या घटकाचा शोध मुंबईशी निगडित आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. सन १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांमध्ये एक तीव्र प्रकारचा रक्तक्षय आढळत होता व त्याचे कारण उमगत नव्हते. हाफकिन संस्थेत काम करीत असता त्यांना असे दिसून आले की, अत्यंत अपुरा आहार असलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आहे आणि किण्वाचा, म्हणजे यीस्टचा, अर्क दिला असता तो बरा होतो. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून वेगळे करण्यात आले व त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. गिरणगावातील त्या कामगार स्त्रियांचे ऋण आज प्रत्येक तांबड्या गोळीत आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. सन २०१८ पासून तो ‘अॅनिमिया मुक्त भारत’ या नावाने राबविला जात आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस गोळी घ्यावी, असा नियम आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या पाहणीत देशातील केवळ २६ टक्के मातांनी १८० दिवस गोळ्या घेतल्याचे आढळले. गोळी घरापर्यंत पोचली तरी ती पोटात गेलीच असे नाही.

याची कारणे स्त्रियांशी मोकळेपणी बोलल्यास कळतात. गोळीने शौचास काळे होते व मन धास्तावते. वास्तविक न शोषलेले लोह बाहेर पडत असल्यामुळे तसे होते, त्यात अपाय नाही. काहींना मळमळ किंवा मलावरोध होतो. अशा वेळी गोळी बंद न करता रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने घ्यावी व पाणी भरपूर प्यावे. गोळीने मूल फार मोठे होऊन बाळंतपण अडते, हा समज घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांत आढळतो. तो निराधार आहे. उलट तीव्र रक्तक्षयामुळे बाळ कमी वजनाचे व अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो. सूनबाईपेक्षा सासूबाईंशी आधी बोलावे, हा अनुभवी आरोग्य सेविकांचा रिवाज म्हणूनच योग्य होय.

गोळी कशासोबत घेतली जाते, यासही महत्त्व आहे. चहातील द्रव्ये लोहास बांधून ठेवतात. म्हणून गोळीच्या अगोदर व नंतर तासभर तरी चहा घेऊ नये. दूध व कॅल्शियमची गोळी यांच्याबाबतही दोन तासांचे अंतर ठेवावे. दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेऊन मोकळे होण्याची सवय घरोघरी दिसते, ती सोडणे बरे. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. सौंसर-पांढुर्ण्याकडे तर हंगामात संत्र्याचा तोटा नसतो. बाजारात न चालणारे बारीक फळही या कामी तितकेच उपयोगी आहे. गुळात लोह असते खरे, पण त्याचे प्रमाण अनिश्चित असल्यामुळे केवळ गूळ-शेंगदाण्यांवर भिस्त ठेवू नये.

सीमेवरील घरांत आणखी एक अडचण उद्भवते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी पांढुर्ण्याहून वरुडला, बुऱ्हाणपुराहून रावेरला अथवा नागपूरहून भोपाळला जाते. सासरच्या आशा कार्यकर्तीच्या यादीत ती असते पण गावात नसते. माहेरी ती असते पण यादीत नसते. रक्ताची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच महिन्यांत गोळ्यांचा क्रम तुटतो. यासाठी निघताना माता व बाल सुरक्षा कार्ड आणि निदान महिन्याभराच्या गोळ्या सोबत द्याव्यात व पोचल्याबरोबर माहेरच्या अंगणवाडीत नाव नोंदवावे. गोळी दोन्ही राज्यांत तीच आहे.

केवळ डोळ्यांची पापणी पाहून रक्ताचा अंदाज बांधणे पुरेसे नाही. हिमोग्लोबिनची तपासणी प्रत्येक भेटीत व्हावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस ती विनामूल्य होते. प्रमाण ११ ग्रॅमपेक्षा कमी भरल्यास रक्तक्षय समजतात. ७ ते १०.९ ग्रॅम असल्यास रोज दोन गोळ्या देण्यात येतात व दरमहा पुन्हा तपासणी होते. महिन्याभरात एक ग्रॅमही वाढ न झाल्यास मोठ्या रुग्णालयात पाठविणे आवश्यक असते. ७ ग्रॅमच्या खाली असल्यास शिरेतून लोह देण्याचा विचार डॉक्टर करतात. ५ ग्रॅमच्या खाली, अथवा शेवटच्या तीन महिन्यांत ७ च्या खाली असल्यास विलंब न लावता रुग्णालयात दाखल करावे, कारण रक्त चढविण्याची वेळ येऊ शकते.

गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर आळशीपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी कारण शोधावे. पोटातील जंत हे एक कारण. त्यासाठी चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोलची एक गोळी देतात. दुसरे कारण सिकलसेल. आदिवासी भागांत व विदर्भात हा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्ण स्त्रीस लोह द्यावे किंवा नाही, हे डॉक्टरांनी तपासणीअंती ठरवावयाचे असते.

बाळ जन्मल्यावर नाळ कापण्यास निदान तीन मिनिटे थांबल्यास वारेतील रक्त बाळाकडे जाते व त्याचा लोहाचा साठा वाढतो. मातेच्या गोळ्या मात्र बाळंतपणाबरोबर संपत नाहीत. अंगावर पाजण्याच्या काळात त्या आणखी १८० दिवस चालू ठेवावयाच्या असतात.