फोनमधून येताना 'स' कुठे हरवतो, आणि तो परत आणता येतो का?



आपण मुलांच्या वाचनाचे ऑडिओ ग्रुपवर मागवतो. महाडच्या बाजारपेठेतलं मूल आईच्या नव्या फोनवरून पाठवतं, तर पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवरचं मूल कधी जुन्या साध्या फोनवर रेकॉर्ड करतं, कधी कॉल लावून थेट वाचूनच दाखवतं. हा दुसरा आवाज गोधडीखालून बोलल्यासारखा येतो. मूल 'शाल' म्हणालं की 'साल', हेच कळत नाही. आणि आपण तर त्याच आवाजावर उच्चाराचा शेरा लिहिणार असतो! म्हणून हा विषय थोडा तांत्रिक असला तरी आपल्या कामाचा आहे.

आवाज म्हणजे कंपनं. एका सेकंदात किती कंपनं, ते हर्ट्झमध्ये मोजतात. अ, आ, ई, ओ या स्वरांची ओळख पटायला साधारण ३,००० हर्ट्झपर्यंतचा भाग पुरतो. 'स'चं तसं नाही. तो म्हणजे दातांमागून निघणारी वाऱ्याची शीळ. तिचा जोर ४,००० हर्ट्झच्या वरच जास्त असतो. 'श' त्याहून थोडा खाली सुरू होतो, म्हणून तो काहीसा तग धरतो.

आता फोनकडे या. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. नियम असा की जितके नमुने, त्याच्या निम्म्यापर्यंतच कंपनं टिपता येतात, म्हणजे ४,०००. प्रत्यक्षात ३००ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. 'स'चं घरच कापलं गेलं! नव्या फोरजी कॉलमध्ये हा पट्टा ७,००० पर्यंत जातो, म्हणून तिथे आवाज मोकळा वाटतो. पण घाटात शिरलो, फोन टूजीवर उतरला, की पुन्हा तीच गोधडी. गाण्यांच्या एमपी३ फाईलमध्येही वरचा भाग कापतात, पण १२८ किलोबिटच्या फाईलमध्ये ही कात्री साधारण १६,००० हर्ट्झला लागते. तेवढं वरचं आपल्या वयाच्या कानांना फारसं ऐकूच येत नाही. मुलांना येतं, तो भाग वेगळा.

आपल्या मराठीला याचा फटका जरा जास्तच बसतो. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च एकच अक्षर, पण उच्चार दोन. 'जरा थांब' मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला ज, तेही तसंच. हा फरक बराचसा त्या वरच्या शिळेतच असतो. लिपीत तो दिसत नाही, फोनवर नीट ऐकू येत नाही. मग मुलाने तो शिकावा कुठून?

हरवलेला वरचा भाग परत घालण्याची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आहे त्या आवाजातूनच थोडी कृत्रिम चमक तयार करून सगळीकडे सारखी शिंपडायची. स्टुडिओत १९७० च्या दशकापासून अशी यंत्रं वापरात आहेत. पण सरसकट चमक घातली की 'स' बरोबर पंख्याची घरघरही चमकते.

म्हणून अनुकूली, म्हणजे समोरचा आवाज बघून वागणाऱ्या पद्धती आल्या. बांबूच्या टोपलीची वरची कड तुटली तर विणणारी बाई काय करते? खालची वीण बघते, कामट्या किती दाट आहेत ते बघते आणि तशीच वीण वर चढवते. इथेही तसंच. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात आधी कात्री कुठे लागली आहे ते शोधायचं. मग हा स्वर आहे की शीळ, ते ठरवायचं. मुलाचा स्वर ३०० हर्ट्झचा असेल तर त्यात ६००, ९००, १,२०० अशा शिडीच्या पायऱ्या असतात, त्या वर चालू ठेवता येतात. शिळेत पायऱ्याच नसतात, तिथे मोजून मापून खरखर भरावी लागते. आणि दोन्हीचा जोर खालच्या भागाच्या उतारावरून ठरवायचा.

यातला पक्का प्रकार म्हणजे पाठवणाऱ्यानेच सोबत चिठ्ठी देणं. वरचा भाग पाठवायचा नाही, पण 'इथे जोर एवढा, इथे खरखर एवढी' अशी थोडी माहिती फाईलमध्ये ठेवायची. ऐकणाऱ्याकडचं यंत्र खालची वीण वर उचलून त्या चिठ्ठीप्रमाणे बसवतं. २००३ मध्ये ही पद्धत एमपीईजी-४ या मानकात आली. आकाशवाणीने मध्यम लहरींवर सुरू केलेल्या डीआरएम या डिजिटल प्रसारणातही हीच युक्ती आहे. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये जेमतेम ९ किलोहर्ट्झची जागा, त्यात स्वच्छ आवाज बसवायचा म्हणजे काटकसर आलीच. दुर्दैव एवढंच की तो ऐकायचा रेडिओ घरोघरी नाही.

चिठ्ठी नसेल तर मात्र सगळा अंदाज. हल्लीची ॲप हजारो आवाजांवर शिकवलेली असतात आणि 'इथे स असावा' असं ठरवून 'स' भरतात. कानाला अगदी छान लागतं. पण तो त्या मुलाने म्हटलेला 'स' नसतो. ॲप शिकलं इंग्रजी आवाजांवर, तर आपल्या 'चारा'चं ते काय करेल, याचा भरवसा नाही. गोष्ट ऐकवायची असेल, आजीची जुनी ओवी कानाला गोड करून घ्यायची असेल, तर खुशाल वापरा (मूळ फाईल मात्र पुसू नका). उच्चार तपासायला असा सुधारलेला आवाज मला चालत नाही.

वर्गात करून बघण्यासारखा एक प्रयोग. साल-शाल, सण-फण, सार-फार, चार-चारा असे शब्द काढा. एका मुलाने बाहेर जाऊन कॉलवरून एकेक शब्द म्हणायचा, बाकीच्यांनी लिहायचा. मग तेच शब्द समोर उभं राहून. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ध्वनीचा वर्णपट दिसतो. कापलेल्या आवाजात एका रेषेच्या वर सगळा अंधार असतो, मुलांना ती रेषा बरोबर सापडते.

आणि पालकहो, वाचन पाठवताना कॉलपेक्षा रेकॉर्डिंग बरं. सेटिंगमध्ये 'उच्च गुणवत्ता' निवडा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, पंखा बंद. जुन्या फोनवर .एएमआर अशी फाईल बनत असेल तर तेवढं कळवा. त्या मुलाचे स आणि श मी शाळेत, समोर बसवूनच ऐकेन.