तू हो पुढे!

आमच्या घरात शिवाजीमहाराज पन्हाळ्यावरून किती वेळा निसटले याची मोजदाद नाही. आमचे कन्यारत्न ४ वर्षांचे होते तेव्हापासून रोज रात्री निजताना तिला तीच गोष्ट हवी असे. मी उताणा पडून सिद्दी जौहरचा वेढा घालीत असे, उशीची पालखी करीत असे, आणि बाजीप्रभू खिंडीत उभे राहण्यापूर्वीच बहुधा मी घोरू लागत असे. अशा रीतीने निजल्या जागी शेकडो वेळा केलेला तो प्रवास वयाच्या ५८ व्या वर्षी पायी करण्याची पाळी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. मुलगी शिकूनसवरून मोठी झाली आणि तिला नोकरी लागली ती थेट गुवाहाटीस. ‘एकटी मुलगी, इतक्या लांब!’ हे पालुपद मी महिनाभर आळवीत होतो. ती वाद घालीत नव्हती, आणि मला तेच अधिक लागत होते. एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, जायच्या आधी पन्हाळा ते पावनखिंड चालायचं म्हणते. आमचा २५ जणांचा गट आहे.”

“मीही येतो,” मी ताबडतोब म्हणालो.

सौ.ने आधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि निमूटपणे पिशवीत मलमाची बाटली टाकली.

जुलै महिन्यातल्या एका सकाळी आम्ही पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यासमोर उभे होतो. पाऊस असा की समोरचा माणूस ओळखू येऊ नये. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत हा पन्हाळाही आहे. पण त्या पावसात मला आठवत होते ते १६६० साल. त्या वर्षीच्या मार्चपासून गडाला सिद्दीचा वेढा होता. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. चार महिने झाले तरी वेढा सैल होईना, तेव्हा महाराजांनी शरण येत असल्याचा निरोप धाडला. चौकीपहारे जरा निर्धास्त झाले, आणि आषाढातल्या भर पावसाच्या रात्री सुमारे ६०० मावळ्यांनिशी महाराज गड उतरले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद महाराजांचे सोंग घेऊन बसला होता. ती पालखी पकडली जाणार हे त्याला पक्के ठाऊक होते. मुलीला गोष्ट सांगताना या ठिकाणी मी नेहमी घाई करीत असे. त्या दिवशी राजदिंडीच्या निसरड्या वाटेने उतरताना मात्र ती घाई जमेना. एकेक पाऊल जपून टाकताना मनात येई, खांद्यावर पालखी, पायाखाली हाच चिखल, आणि हातात दिवाही नाही!

तुरुकवाडी, म्हाळुंगे मागे टाकून आम्ही मसाईच्या पठारावर चढलो. वाचकहो, हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचे एकापुढे एक पसरलेले विस्तीर्ण सडे. पाणी मुरायला जागा थोडी, म्हणून ते वरूनच वाहते, आणि आपण घोटाभर पाण्यातून चालत राहतो. धुके इतके दाट की मसाईदेवीचे देऊळ अगदी पुढ्यात आल्यावर दिसले. मुलगी पुढे चालत होती. दर पाच मिनिटांनी थांबून ती मागे वळून पाही आणि मी दिसलो की पुन्हा चालू लागे. लहानपणी बागेत मी तिच्यासाठी असाच थांबत असे. ही अदलाबदल केव्हा झाली, ते माझ्या ध्यानातच आले नव्हते.

कुंभारवाडीकडे उतरताना उजवा गुडघा पहिल्यांदा कुरकुरला. खोतवाडीपाशी त्याने उघड तक्रार केली. मांडलाईवाडीच्या पुढे ओढे ओलांडताना तर त्याने असहकारच पुकारला. भाताच्या खाचरांत बायका रोप लावीत होत्या. त्यांतली एक कमरेवर हात ठेवून उभी राहिली नि म्हणाली, “आवो दादा, आमी दिसभर वाकतुय, तुमी नुसतं चालून दमलासा व्हय?” सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण गुडघा हसला नाही.

करपेवाडीला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. सुमारे २५ किलोमीटर झाले होते आणि तितकीच वाट उद्या बाकी होती. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींनी चुलीपाशी बसवून मीठ तव्यावर तापवले, फडक्यात बांधले आणि माझ्या गुडघ्याला शेक दिला. पिठले, गरम भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा. असे जेवण मी आजवर जेवलो नव्हतो. सौ.ने हे वाक्य वाचू नये.

जेवण झाल्यावर मुलगी शेजारी येऊन बसली. “बाबा, उद्या सकाळी आपण दोघं परत जाऊ. मी गटातल्यांना सांगितलंय.”

तिने ते इतक्या सहजपणे सांगितले की मला चर्र झाले. खरे सांगायचे तर क्षणभर बरेही वाटले. एवढ्यासाठीच तर मी आलो होतो, नाही का? तिच्या वाटेत कुठेतरी आडवा पडावा म्हणून.

बाहेर पाऊस कोसळत होता. मी म्हणालो, “गोष्टीत पुढे काय होतं?”

“बाजीप्रभू महाराजांना म्हणतात, तुम्ही निम्मे लोक घेऊन पुढे व्हा.”

“मग?”

“बाबा, तुमचा गुडघा दुखतोय. ही काय घोडखिंड आहे?”

“नाही. म्हणूनच तर सोपं आहे. तू हो पुढे.” आणि थोड्या वेळाने, जड जिभेने, मी जोडले, “गुवाहाटीलासुद्धा.”

ती काही बोलली नाही. फडक्यातले मीठ निवले होते. ते पुन्हा तापवायला ती चुलीपाशी गेली आणि बराच वेळ पाठमोरी बसून राहिली.

सकाळी गट निघाला. धुक्यात शिरण्यापूर्वी तिने सवयीप्रमाणे मागे वळून पाहिले. मी हात हलवला. मग ती पुन्हा वळली नाही. मी दुधाच्या गाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एस.टी.ने कोल्हापूरला आलो.

त्या खिंडीत मावळ्यांनी वाट पाहिली ती विशाळगडावरच्या तोफांची. विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा होता. तो फोडून महाराज वर पोचल्याची खूण कानी येईपर्यंत बाजीप्रभूंनी प्राण धरून ठेवला, असे सांगतात. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती त्यामुळे. मी आपला कोल्हापूरच्या एका लॉजमध्ये गुडघ्याला मलम चोळीत टेलिफोनकडे टक लावून बसलो होतो. डोंगरात फोन लागत नव्हता. पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले.

पावणेआठला फोन खणखणला.

“बाबा, पोचले!”

मी लगेच सौ.ला कळवले. ती म्हणाली, “बरं झालं. आणि तुम्ही?”

“मीही पोचलो,” मी म्हणालो. “जरा उशिरा.”