मद्यपी चालकाचा अपघात आणि जखमीचा हक्क

महोत्सवाच्या स्मरणिकेत आठवणी आणि शुभेच्छा यांची गर्दी असावयाचीच. त्यात अपघात, पोलीस ठाणे आणि न्यायालय असला रुक्ष विषय घेऊन आम्ही आलो आहोत, याबद्दल वाचकांची प्रथमच क्षमा मागतो. परंतु ही स्मरणिका सभासदांच्या घरी कपाटात जपून ठेवली जाते. तीत एखादा लेख असाही असावा, की जो संकटाच्या दिवशी काढून वाचता येईल, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

गोष्ट डिसेंबर २०२२ मधील. आमचे धाकटे बंधू शिंपीकाम करतात. बेळगावाहून दुचाकीवर चंदगडकडे शिवलेले कपडे पोचवावयास निघाले असता शिनोळीच्या पुढे समोरून भरधाव आलेल्या मोटारीने त्यांना उडविले. चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, असे तेथे जमलेल्या माणसांनी सांगितले. बंधूंचा उजवा गुडघा चिरडला. तिसऱ्या दिवशी मोटारमालकाचे दोन नातलग इस्पितळात आले. अदबीने बोलले, पंचवीस हजार रुपये उशाशी ठेवले आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा मजकुराचा मुद्रांक कागद पुढे केला. घरात पैशाची नड होती. बंधूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पदवीधर, शाळेत मुलांना शिकविणारे! आम्ही मान हलविली आणि साक्षीदार म्हणून त्या कागदावर आमची सहीही केली.

ते रुपये पहिल्या आठवड्यातच संपले. शस्त्रक्रिया दोन झाल्या. फिर्याद देण्याची बुद्धी आम्हांस एकविसाव्या दिवशी सुचली. तोपर्यंत चालकाच्या रक्तात मद्याचा थेंबही उरलेला नव्हता. त्यानंतर जे शिकलो, ते येथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट ही, की एकाच अपघातातून दोन निरनिराळी प्रकरणे उभी राहतात. एक गुन्ह्याचे आणि दुसरे भरपाईचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले तर वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही; पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. शिवाय निष्काळजीपणाने दुखापत केल्याचा गुन्हा निराळा. तो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेखाली नोंदविला जातो. पण दंडाची ती रक्कम सामान्यतः सरकारी खजिन्यात जाते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जखमीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरविते, आणि त्याचा मार्ग वेगळा आहे.

या दोहोंत पुराव्याचे मापही एक नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे मात्र कोणती गोष्ट अधिक संभवनीय दिसते, एवढेच पाहिले जाते. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून सुटला, तरी तेवढ्याने जखमीचा दावा बुडत नाही. तसेच दाव्यात मुख्यतः सिद्ध करावयाचा असतो तो निष्काळजीपणा. चालक प्यालेला होता हे सिद्ध झाले तर दाव्यास बळकटी येते. न झाले तरी दावा संपत नाही.

तथापि ते बळ गमावू नये. अपघात होताच ११२ या क्रमांकावर खबर द्यावी आणि चालकाच्या श्वासाची व रक्ताची तपासणी करण्याची विनंती पोलिसांस स्पष्ट शब्दांत करावी. अशा चालकास अटक झाल्यास दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, असे कायदाच सांगतो. कारण रक्तातील मद्य तासागणिक कमी होत जाते. वाहनाचा क्रमांक टिपावा, जागेची छायाचित्रे घ्यावी, पाहणाऱ्यांची नावे व पत्ते लिहून ठेवावे. मदत करणारा मनुष्य पुष्कळदा पोलिसांच्या भीतीने मागे सरतो. त्यास सांगावे, की २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४ अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण आहे. इस्पितळात दाखल करताना ‘मोटारीच्या धडकेने जखमी’ अशी नोंद झाली आहे ना, ते स्वतः पाहावे. ही एक ओळ पुढे किती उपयोगी पडते, ते शेवटी सांगू.

उपचारांविषयी एक नवी सोय झाली आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या योजनेप्रमाणे रस्त्यावरील अपघातग्रस्तास नेमून दिलेल्या इस्पितळात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळावयाचे आहेत. आमच्या वेळी ती असती, तर उशाशी ठेवलेल्या त्या नोटांकडे आम्ही बहुधा पाहिलेही नसते.

आता दाव्याविषयी. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल अठ्ठेचाळीस तासांत, मधला पन्नास दिवसांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत द्यावयाचा असतो. न्यायाधिकरण हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून घेऊ शकते. तरीसुद्धा त्यावर विसंबून न राहता स्वतः कलम १६६ खाली अर्ज करावा. १ एप्रिल २०२२ पासून यास अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आहे; परंतु शहाण्याने सहा महिने हीच अखेरची तारीख समजावी.

आम्हां सीमाभागातील लोकांस पडणारा प्रश्न असा, की अपघात महाराष्ट्रात किंवा गोव्यात झाला आणि घर बेळगावात असले, तर खेटे घालावयाचे कोठे? कायद्याने यात जखमीची सोय पाहिली आहे. अपघात जेथे झाला तेथे, जखमी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथे, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे दावा लावता येतो. आमचा अपघात हद्दीपलीकडे झाला, दावा मात्र बेळगावातच चालला.

भरपाई कशाकशाची मिळते? औषधपाणी, इस्पितळ, प्रवास, पौष्टिक आहार आणि सेवाशुश्रूषा यांचा खर्च. अंथरुणावर असताना बुडालेली कमाई. कायमचे अपंगत्व आल्यास पुढे बुडणारी कमाई. पुढील उपचारांचा खर्च. आणि सोसलेल्या वेदना व हिरावली गेलेली जीवनातील सुखे. यातील तिसरी बाब सर्वांत मोठी, आणि तीच लोकांस नीट कळत नाही. डॉक्टर दाखल्यावर अपंगत्वाचा आकडा लिहितात तो शरीराचा. कमाईची हानी त्याहून वेगळी असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले. डावा हात गेलेला सुतार जवळजवळ सारी कमाई गमावतो. तोच हात गेलेला सरकारी कारकून कदाचित नोकरी टिकवितो.

फळ्यावर मांडावे तसे गणित मांडून दाखवितो. समजा, अडतीस वर्षांचा शिंपी महिन्यास पंधरा हजार रुपये मिळवितो. दाखल्यावर पायाचे अपंगत्व २० टक्के आहे. वर्षाची कमाई १,८०,००० रुपये. तिचे २० टक्के ३६,०००. आणि ३६ ते ४० या वयासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरविलेला गुणक १५. उत्तर आले ५,४०,००० रुपये. परंतु शिंप्याचे यंत्र पायावर चालते. म्हणून कमाईची हानी ३० टक्के धरली जावी, असे वकिलाने दाखवून दिले. शिवाय स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतील माणसाच्या कमाईत पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवावे, हे २०१७ च्या निकालाचे सूत्र लावले. मग महिन्याचे २१,०००, वर्षाचे २,५२,०००, त्याचे ३० टक्के ७५,६०० आणि त्यास १५ ने गुणिले असता ११,३४,००० रुपये होतात. मनुष्य तोच, गुडघाही तोच. फरक केवळ बाजू नीट मांडण्याचा! म्हणून बँकेचे पासबुक, दुकानाचे वीजबिल, पावतीपुस्तक, औषधांची प्रत्येक पावती एका पिशवीत घालून ठेवावी.

कलम १६४ खाली कोणाची चूक हे न पाहता गंभीर दुखापतीस अडीच लाख आणि मृत्यूस पाच लाख रुपये मिळतात. परंतु ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. नडीच्या वेळी हाती येणारा पैसा मोठा दिसतो, म्हणून आधी वरील गणित करावे आणि मग निर्णय घ्यावा.

एक चुकीचा सल्ला सर्वत्र दिला जातो. ‘चालक प्यालेला होता हे बोलू नका, नाही तर विमा कंपनी हात वर करील.’ मद्यपानाचा बचाव मांडण्याची मुभा कंपनीस कायद्याने दिली आहे, हे खरे. परंतु रस्त्यावरच्या निरपराध जखमीस कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालयांनी अशा प्रकरणांत दिलेला आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मद्यपी चालकाच्या प्रकरणात हेच सांगितले. तेव्हा खोटे बोलण्याचे कारण नाही. वाहनाचा विमाच नसेल तर भरपाईचा भार मालक व चालक यांवर पडतो, आणि न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात.

इस्पितळाच्या दारात ‘मिळेल त्यातला चौथा हिस्सा द्या, बाकी आम्ही पाहतो’ असे म्हणणारे मध्यस्थ भेटतात. दाव्याच्या रकमेत वाटा ठरविण्यास वकिलांस त्यांच्याच व्यवसायनियमांनी मनाई आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांस उत्पन्नाची अट न घालता तेथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करता येते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, हे ध्यानी ठेवावे. न्यायाधिकरणाचा निकाल मान्य नसल्यास नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते.

आमच्या बंधूंच्या दाव्याचे काय झाले? साक्षीच्या पिंजऱ्यात विमा कंपनीच्या वकिलांनी तो मुद्रांक कागद आमच्यापुढे धरला आणि विचारले, “गुरुजी, ही सही आपलीच ना?” आम्ही हो म्हणालो. आपल्याच अक्षराची इतकी लाज आम्हांस पूर्वी कधी वाटली नव्हती. तो कागद म्हणजे न्यायाधिकरणाचा निवाडा नव्हता. पण विरुद्ध पक्षास आम्ही आयते हत्यार दिले होते. फिर्यादीच्या विलंबावरही पुष्कळ वाद झाला. शेवटी उपयोगी पडली ती अपघाताच्याच दिवशी इस्पितळाच्या कागदावर परिचारिकेने लिहिलेली एक ओळ. २०२५ मध्ये दावा मंजूर झाला. ते पंचवीस हजार हिशेबातून वजा झाले. चालक प्यालेला होता, हे मात्र कोठेही सिद्ध झाले नाही.

बंधू आता विजेवर चालणाऱ्या यंत्रावर बसतात आणि डाव्या पायाने ते चालवितात. ते आम्हांस कधी बोल लावीत नाहीत. वर्गात मात्र आम्ही दर वर्षी मुलांना सांगतो, की कागद पुरता वाचल्याखेरीज आणि एक रात्र मध्ये गेल्याखेरीज सही करू नये. सभासद बंधुभगिनींनीही एवढे मनात ठेवावे, ही नम्र विनंती. कोणाच्या घरी असा प्रसंग ओढवलाच, तर आमच्याकडे यावे. अर्ज लिहून देण्यास आम्ही कोणत्याही वेळी तयार आहोत.